रोबोट घ्यायच्या आधी एक पिन उचला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत बाबांनी उभं केलेलं अडतीस माणसांचं मशीन शॉप आता तुम्ही बघता. शेतीच्या यंत्रांसाठी लागणाऱ्या ग्राइंड केलेल्या पिना आणि बुश जर्मनीतल्या एका ग्राहकाला जातात. मागच्या ऑडिटमध्ये त्यांच्या माणसाने ऑटोमेशनचं काय, नोंदी अजून कागदावरच का, असं विचारलं. लगेच एका विक्रेत्याने रोबोट सेलचं, म्हणजे मशीनमध्ये माल घालणाऱ्या-काढणाऱ्या रोबोटच्या संचाचं, कोटेशन आणून ठेवलं. तुम्हाला तो घ्यावासा वाटतो, बाबा म्हणतात, "चाललंय ते चालू दे." आपलं युनिट नव्या पद्धतीसाठी तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

कोटेशनवर आत्ता सही करू नका. पण "चालू दे" हेही मान्य करू नका. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या पट्ट्यात मी एकोणतीस वर्षं उत्पादन आणि गुणवत्तेचं काम करतो आहे. त्यातली पहिली अकरा मशीनवर आणि इन्स्पेक्शनमध्ये गेली, नंतरची निर्यात करणाऱ्या युनिटांना सल्ला देण्यात. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. युनिटची तयारी बँकेतल्या पैशावरून कळत नाही, मालकाच्या उत्साहावरूनही कळत नाही. तुमच्याकडे झालेली चूक तुम्हाला किती वेळात दिसते, त्यावरून कळते. मिनिटांत दिसत असेल तर तुम्ही जवळजवळ काहीही नवीन आणू शकता. ग्राहकाच्या ईमेलमधूनच कळत असेल तर तुम्ही जे आणाल ते ती चूक जास्त वेगाने करेल.

आधी बाबांची बाजू, कारण ती मला खरंच पटते. निर्यात करणारा माणूस बदलाला कचरतो तो मागासलेला असतो म्हणून नाही. पुण्याला किंवा पिथमपूरला माल देणाऱ्याचा खराब जॉब, म्हणजे बनवलेला नग, दोन दिवसांत परत येतो. चार शिव्या खाऊन तो दुरुस्त करून देतो, विषय संपतो. तुमचा कंटेनर नागपूरहून न्हावाशेवाला जातो, तिथून जहाजाने हॅम्बुर्ग, मग ग्राहकाचं गोदाम, मग त्यांची असेंब्ली लाइन. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर सलग. रस्त्यावरचे काही तास वाचले, पण समुद्राचे आठवडे तसेच राहिले. उलट २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि दोनेक आठवडे वाढले. धरा, पिन बनल्यापासून ती त्यांच्या हातात पडेपर्यंत आठ आठवडे. दर पंधरवड्याला एक खेप जात असेल, तर पहिली तक्रार येईपर्यंत त्याच चुकीच्या चार खेपा वाटेवर असतात. मग तिकडे माणसं लावून एक-एक पिन निवडायची, त्याचं बिल युरोत, आणि इकडून विमानाने बदली माल. एका अशा फटक्यात वर्षाचा नफा जातो. ज्याने तो फटका एकदा खाल्लाय तो प्रत्येक नव्या गोष्टीकडे संशयानेच बघणार. दुधाने तोंड पोळलेलं असतं.

म्हणून निर्यातदाराला "धाडस करा" असा सल्ला मी कधीच देत नाही. चूक दिसायला लागणारा वेळ कमी करा, भीती आपोआप कमी होते.

एक अनुभव सविस्तर सांगतो, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. युनिटचं नाव सांगत नाही. काम तुमच्यासारखंच, सेंटरलेस ग्राइंडरवर (पिना घासून मापात आणणारं मशीन) ५० मिलिमीटर व्यासाच्या पिना, टॉलरन्स h६. म्हणजे ५०.००० च्या वर नको आणि ४९.९८४ च्या खाली नको. सगळा खेळ १६ मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मालकांनी ग्राहकाच्या सांगण्यावरून इन्स्पेक्शनसाठी वेगळी खोली केली, एसी बसवला, नवे मायक्रोमीटर आणले आणि सगळी मोजमापाची साधनं त्या खोलीत ठेवायचा नियम केला. अगदी बरोबर पाऊल. फेब्रुवारीपर्यंत सगळं छान चाललं. जुलैत तक्रार आली की मे महिन्याच्या मालात काही पिना बारीक निघताहेत, तीन-चार मायक्रॉनने. सगळ्या नाहीत. पेटीत दहा-बारा, तेही सलग नाहीत.

मालक म्हणाले मशीन जुनं झालं, नवीन घेऊ. मशीन कंपनीचा इंजिनिअर म्हणाला व्हील बदला. मी दोन दिवस मशीनजवळ नुसता उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी ग्राइंडरवरचा ऑपरेटर, बालाघाटकडचा, बावीस वर्षं त्याच मशीनवर असलेला, चहा पिताना सहज म्हणाला, "साहेब, मायक्रोमीटर थंडं असलं का पिन मोठी दाखवते. मंग जरा जास्त घासा लागते."

झालं! सगळं तिथेच होतं. पोलाद तापलं की वाढतं: दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या शेडखाली, त्यातून नुकताच ग्राइंड झालेला जॉब, ४२ अंशांवर आरामात असतो. मायक्रोमीटर एसी खोलीतून आलेला, २२ अंशांवर. फरक वीस अंशांचा. ५० मिलिमीटरला तो साडेअकरा मायक्रॉन होतो, म्हणजे १६ पैकी साडेअकरा मोजण्यातच गेले. ऑपरेटर मधलं माप धरून ४९.९९२ ला आणत होता, आणि ती पिन जर्मनीत २० अंशांच्या खोलीत मोजली की ४९.९८० च्या आसपास भरत होती. अर्ध्या तासात हातातला मायक्रोमीटरही शेडइतका तापायचा, मग पिना बरोबर यायच्या. जेवणाच्या सुट्टीत साधनं नियमाप्रमाणे पुन्हा एसीत जायची, आणि दुपारच्या पहिल्या पिना पुन्हा बारीक. म्हणून पेटीत दहा-बाराच. आधी, एसी नव्हता तेव्हा, मायक्रोमीटर मशीनवरच पडून असायचा, जॉबइतकाच गरम. दोन्ही सारखे वाढायचे आणि चूक आपोआप कटायची.

चांगली सुधारणा आली आणि दोष बरोबर घेऊन आली. उपाय जवळजवळ फुकटचा होता. जॉब मोजण्याआधी एसी खोलीत लोखंडी पाटावर तापमानाला येऊ द्यायचा, आणि मशीनवर वापरायचा गेज मशीनजवळच ठेवून तिथल्याच मास्टर पिनवर (अचूक माप माहीत असलेली पिन) दर तासाला शून्य करायचा. नवीन मशीनची गरज नव्हती.

मला मात्र अजून वेगळीच गोष्ट टोचते. ऑपरेटरला हे एप्रिलपासून माहीत होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं की साहेबांनी एसी लावलाय म्हणजे साहेबांना माहीत असेल. चूक त्या माणसाच्या बोटांना एप्रिलमध्ये कळली आणि मालकाला जुलैत. हे तीन महिने म्हणजे त्या युनिटची खरी स्थिती. त्याच अवस्थेत तिथे रोबोट आला असता, तर बोटांना कळणारं तेवढंही राहिलं नसतं.

आता तुमच्या शॉपची परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. पॅक झालेल्या, निघायला तयार असलेल्या पेटीतून एक पिन उचला. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. कुणालाही आधी न सांगता विचारा: ही कोणत्या हीटच्या, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या कुठल्या घाण्याच्या, पोलादाची? मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पोलाद कारखान्याचा तपासणी दाखला, दाखवा. हार्डनिंग (पिन तापवून कडक करणं) बाहेरून करून घेतलं असेल तर कोणत्या तारखेच्या बॅचमध्ये? ग्राइंड कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला? त्या तासाला घेतलेलं माप कुठे लिहिलंय? पंधरा मिनिटांत कागद समोर आले तर मी त्या युनिटला तयार म्हणतो, मग कागद वहीतले असोत की संगणकातले. अर्धा दिवस लागला तर काम आहे. आणि सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, उद्यापर्यंत बनवून देतो," तर त्या "बनवून" शब्दाकडे नीट लक्ष द्या. तो शब्द मी निम्म्याहून जास्त ठिकाणी ऐकलाय. बहुतेक वेळा हार्डनिंगपाशी घोडं अडतं. बाहेर गेलेला माल परत येताना दोन हीट एका ट्रेमध्ये मिसळतात आणि तिथून पुढे धागा तुटतो. वेगवेगळ्या रंगाचे ट्रे आणि ट्रेला बांधलेलं पत्र्याचं लेबल, एवढ्यावर हे सुटतं. ग्राहकाने ऑडिटमध्ये डिजिटल म्हणून जे मागितलं, त्याचा मोठा भाग हाच आहे. कागदावर धागा अखंड असेल तर तो संगणकात घालायला महिना पुरतो. कागदावर तुटलेला धागा सॉफ्टवेअरने जोडला जात नाही.

मोजमापाबद्दल आणखी एक. नोंदी आपोआप घेणारे गेज बसवायच्या आधी गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्याच्या पद्धतीचीच चाचणी, करून घ्या: तीन माणसं, दहा जॉब, प्रत्येकी दोन-तीनदा मोजायचं. मोजण्यातलाच फरक टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ती मोजण्याची पद्धतच बाद. तुमचाही टॉलरन्स १६ मायक्रॉन धरला तर १० टक्के म्हणजे साधारण दीड मायक्रॉन. हे करून बघाल तेव्हा तुम्हीच दचकाल. आणि ही चाचणी मे महिन्यात एकदा नक्की करा, डिसेंबरमधल्या आकड्यावर विसंबू नका.

आता रोबोटकडे येतो. मी त्याच्या विरोधात नाही. मशीनमध्ये जॉब घालणं-काढणं हे कंटाळवाणं आणि बोटांना धोक्याचं काम आहे, ते माणसाकडून काढून घेणं चांगलंच. पण तुमचा ऑपरेटर जॉब लावताना तीन गोष्टी न बोलता करतो: अंगठ्याने बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) चाचपतो, जॉब धरणाऱ्या फिक्श्चरवरचा कीस फुंकून उडवतो, आणि बार थोडा वाकडा वाटला तर बाजूला ठेवतो. साधा रोबोट यातलं काहीच करत नाही. तो बर असलेला जॉबही तितक्याच शांतपणे लावतो. त्यामुळे आधी कच्चा माल आणि आधीचं ऑपरेशन सुधारावं लागतं. विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा: "आमच्या शॉपमधले, आम्ही न निवडलेले पाचशे जॉब घेऊन जा आणि तुमच्या सेलवर सलग चालवून दाखवा. किती वेळा थांबला ते लिहून द्या." जो याला तयार होतो त्याच्याशी पुढे बोला. शिवाय मान्सूनपूर्व वादळात आपल्याकडे वीज कशी झटके देते ते तुम्हाला ठाऊक आहे. व्होल्टेजच्या एका डिपनंतर सेल पुन्हा सुरू व्हायला किती मिनिटं आणि कोण लागतं, तुमचा माणूस की त्यांचा पुण्याहून येणारा इंजिनिअर, हेही लेखी घ्या.

रोबोटच्या आधी मी तुमच्याकडे सेटिंगचा, म्हणजे एका आकारावरून दुसऱ्या आकारासाठी मशीन लावायचा, वेळ धरेन. निर्यातीच्या ऑर्डर आता लहान लहान येतात, आकार जास्त आणि नग कमी. मशीन चालतं त्यापेक्षा बदलण्यातच वेळ जातो. टोयोटात १९६९ मध्ये हजार टनी प्रेसची डाय (साचा) बदलायला चार तास लागत. जपानी उत्पादनतज्ज्ञ शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली तो वेळ आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आला. त्यामागची कल्पना सोपी आहे: मशीन चालू असताना जी तयारी करता येते ती मशीन थांबवून करू नका. मोबाइल तिवईवर लावून एका सेटिंगचं पूर्ण चित्रण करा आणि ते ऑपरेटरच्याच शेजारी बसून बघा. त्याच्यावर खेकसायचं नाही, हे आधी ठरवा. पाना शोधायला किती फेऱ्या, ड्रॉइंग आणायला ऑफिसात किती वेळा, पहिला जॉब तपासायला इन्स्पेक्टरची किती वाट. माझा अनुभव असा की पहिल्याच चित्रणात जवळपास निम्मा वेळ चालण्यात आणि वाट बघण्यात गेलेला दिसतो. यात खर्च ट्रॉली आणि पान्यांच्या दुसऱ्या सेटचा. आणि हे करताना माणसांना बोलायची सवय लागते, ती पुढे रोबोटच्या वेळी कामी येते.

माणसांचा विषय निघालाच आहे तर, तुमच्या अडतीसपैकी किती जण भंडारा-गोंदियाचे? आषाढात धानाची रोवणी लागली की ते गावी जाणार, जायलाच हवं, शेत त्यांचं आहे. त्या पंधरा दिवसांत तुमचं रिजेक्शन किती वाढतं ते मागच्या दोन वर्षांच्या नोंदीत बघा. वाढत असेल तर तुमची पद्धत चार माणसांच्या डोक्यात आहे, शॉपमध्ये नाही. नवी पद्धत आणण्याआधी जुनी पद्धत फोटोसकट, मराठी-हिंदीत, मशीनवर टांगा. इंग्रजी वर्क इन्स्ट्रक्शन ऑडिटरसाठी ठेवा हवं तर, पण ऑपरेटर ते वाचत नाही.

"नागपुरात हे जमत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. मिहानमध्ये, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या औद्योगिक क्षेत्रात, टाटा समूहाच्या कारखान्यात बोईंग ७८७ च्या फ्लोअर बीम तयार झाल्या आहेत, फाल्कन विमानांचे भागही मिहानमध्येच, दुसऱ्या कारखान्यात, बनतात. तिथलीही मुलं इथल्याच आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधली आहेत. विमानाच्या कामात एक शिस्त असते जी तुम्हालाही लागू आहे: मंजूर झालेली प्रक्रिया ग्राहकाला न विचारता बदलायची नाही. तुमचा जॉब पीपॅपने (नमुने आणि कागद देऊन ग्राहकाकडून घ्यायची मंजुरी) मंजूर झाला असेल, तर मशीन बदललं, प्रक्रियेचा क्रम बदलला, हार्डनिंगवाला बदलला, तरी कळवावं लागतं आणि बहुधा नव्याने नमुने द्यावे लागतात. रोबोट गुपचूप बसवून "माल तर तोच आहे" म्हणणं महागात पडतं. उलट आधी पत्र लिहिलंत तर ग्राहक बऱ्याचदा मदत करतो. एक आकार निवडा, जुनी आणि नवी पद्धत तीन महिने शेजारी शेजारी चालवा, नव्या पद्धतीचा माल वेगळ्या लेबलच्या पेटीत पाठवा. त्यांच्या गोदामात काही निघालंच तर तेवढीच पेटी बाजूला काढता येते, चार खेपा नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. आयात मशीनवर ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या सवलत योजनेखाली सीमाशुल्क वाचतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची आणि वर आधीच्या तीन वर्षांची सरासरी निर्यातही टिकवायची, ही अट लक्षात ठेवा. ग्राहक एकच असताना ही अट गळ्याशी येऊ शकते. बाजार पडला तर शुल्क व्याजासकट भरावं लागतं. त्यापेक्षा आधी केंद्र सरकारची झेड (शून्य दोष, शून्य दुष्परिणाम) प्रमाणपत्राची योजना घ्या. सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या शुल्कात ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट आहे. लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या) योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलतं. सेमिनरी हिल्सवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या एमएसएमई कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष बोला.

एक गोष्ट मात्र थांबणार नाही, ती म्हणजे युरोपचा कार्बन कर, सीबॅम. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. पोलादाच्या वस्तूंत सीमाशुल्काच्या ७३१८ या कोडखालचे बोल्ट, नट, रिव्हेट, कॉटर पिना त्यात येतात. तुमच्या पिना शेतीयंत्राचा भाग म्हणून ८४३२ खाली जात असतील तर त्या तूर्तास बाहेर आहेत. सीएचएकडून (कस्टमचं काम बघणारा एजंट) कोड आजच तपासून घ्या, सोयीसाठी बदलायला मात्र जाऊ नका. कर भरणारा तुमचा ग्राहक आहे, पण आकडे तुमच्याकडून लागणार. खरे आकडे देता आले नाहीत तर ठरावीक आकडे धरले जातात, आणि ते सहसा पुरवठादाराला महाग पडतात. यातला मोठा वाटा पोलाद बनतानाचा आहे, तेव्हा पोलाद देणाऱ्याकडून त्याचा हिशोब मागायला लागा. आणि पुन्हा तीच हीट नंबरची गोष्ट: कुठल्या पिनेत कुठलं पोलाद गेलं हेच सांगता येत नसेल, तर कार्बनचा आकडा कशाला जोडणार?

बाबांशी बोलताना रोबोटपासून सुरुवात करू नका. त्यांना विचारा की आजवरचा सगळ्यात मोठा फटका कोणता होता, आणि ती चूक शॉपमध्ये सगळ्यात आधी कुणाला दिसली होती. बहुतेक त्यांना नाव आठवेल. तो माणूस अजून तुमच्याकडे असेल तर सोमवारी त्याला बोलवा, पेटीतून उचललेली ती पिन त्याच्या हातात द्या आणि तो काय सांगतो ते वहीत लिहायला सुरुवात करा. पंधरा मिनिटांच्या परीक्षेचा निकाल काय आला ते मला कळवा. त्यावरून रोबोटचं कोटेशन परत उघडायचं की पुढच्या वर्षावर टाकायचं, ते आपण ठरवू.